फेदरस्टनहॉ (Featherstonehaugh) या इंग्रजी आडनावाचा अर्थ काय? पिसाशी संबंध आहे का?

नाही, पिसाशी काही संबंध नाही, अर्थ साधारण 'चार दगडांजवळची नदीकाठची मळईची जमीन' असा आहे. हे आपल्याकडच्या 'कर' लावलेल्या आडनावांसारखं गावावरून पडलेलं आडनाव, मूळ ठिकाण इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थंबरलँडमध्ये, हॉल्टविसल गावाजवळ साउथ टाइन नदीकाठी, तिथे फेदरस्टन कॅसल आजही उभा आहे. जुन्या इंग्रजीत समासाच्या सुरुवातीला येणारं 'फेदर' म्हणजे चार, 'स्टान' म्हणजे दगड, त्यामुळे अभ्यासक याचा अर्थ तीन उभे दगड आणि त्यांच्यावर आडवा टाकलेला चौथा, अशी प्राचीन रचना असा लावतात, आणि शेवटचं 'हॉ' म्हणजे नदीच्या वळणात गाळ साचून झालेला सपाट तुकडा, तिकडच्या बोलीत हा शब्द अजून चालतो. मला तर यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे की एवढं लांबलचक आडनाव बरेच जण चक्क 'फॅनशॉ' असं म्हणतात, बोलता बोलता मधली अक्षरं गळून गेली पण स्पेलिंग जुनंच राहिलं.

फक्त एक लक्षात ठेवा, फॅनशॉ असं लिहिलं जाणारं आडनावही आहे आणि ते वेगळं, डर्बीशायरमधलं, त्यामुळे वंशावळ शोधताना नुसत्या उच्चारावर जाऊ नका. शिवाय फेदरस्टनहॉची स्पेलिंगही एक नाही, अमेरिकन सरकारसाठी भूगर्भ सर्वेक्षण करणारे जॉर्ज विल्यम फेदरस्टनहॉ (१७८०-१८६६) मधला 'ई' गाळून (Featherstonhaugh) लिहायचे, म्हणून दोन्ही स्पेलिंग टाकून शोधा.