बारा नंबरचा दिवा कुठे लागतो?

प्रश्न : डब्ल्यूएस २८१२बी या रंगीत एलईडी दिव्यांचं ८ × ८ चं पॅनेल आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडलं आहे. पहिल्या ओळीत सांगितलेला दिवाच लागतो. दुसऱ्या ओळीत मात्र चौथा मागितला तर पाचवा लागतो आणि पहिला मागितला तर आठवा. तिसरी ओळ पुन्हा बरोबर. पॅनेल खराब आहे का?

उत्तर : पॅनेलमध्ये काहीही बिघाड नाही. मुळात या पॅनेलला ओळ आणि रकाना कळतच नाही. ६४ दिवे एकाच डेटा लाइनवर एकामागे एक जोडलेले असतात. आलेल्या डेटातले पहिले २४ बिट प्रत्येक दिवा स्वतःसाठी ठेवून घेतो आणि उरलेले पुढे सोडतो. त्यामुळे दिव्याची ओळख एकच : लाइनवरचा त्याचा क्रमांक, ० ते ६३. तुमच्या पॅनेलची जोडणी नागमोडी आहे. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे परत येते.

ओळ आणि रकाना दोन्ही शून्यापासून मोजा. सम ओळीत (०, २, ४, ६) क्रमांक = ओळ × ८ + रकाना. विषम ओळीत क्रमांक = ओळ × ८ + (७ − रकाना). तुम्हाला हवा असलेला दिवा ओळ १, रकाना ३ वर आहे, म्हणजे ८ + ४ = १२. तुमचा प्रोग्राम ११ पाठवतो आणि ११ नंबर त्याच्या उजव्या शेजाऱ्याचा आहे.

सगळीच पॅनेल नागमोडी नसतात. काहींत प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होते, तर काहींत क्रमांक उभे, वरून खाली धावतात. अंदाज बांधत बसू नका. ० ते ६३ दिवे २०० मिलिसेकंदांच्या अंतराने एकेक करून लावा आणि ७ नंतर ८ कुठे लागतो ते पाहा. ७ च्या अगदी खाली लागला तर जोडणी नागमोडी, डाव्या कडेला गेला तर सरळ. शून्य नंबरचा दिवा डाव्या वरच्या कोपऱ्यात येईल असं पॅनेल फिरवून घ्या, निम्मी आकडेमोड वाचते. तरीही क्रमांक खाली धावत असतील तर ओळ आणि रकान्याची अदलाबदल करा.

हे गणित एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि दिवा लावणारी प्रत्येक आज्ञा त्यातूनच जाऊ द्या. ओळ किंवा रकाना ० ते ७ च्या बाहेर असेल तर तिथूनच परत फिरा. ही तपासणी फार जणांकडून राहते. मग उजवीकडे सरकणारा ठिपका कडेबाहेर न जाता खालच्या ओळीत उगवतो, कारण ओळ ०, रकाना ८ याचं उत्तर ८ येतं आणि तो नंबर खरोखर अस्तित्वात आहे. ६३ च्या पुढचा क्रमांक अधिक घातक : फास्टएलईडी या दिवे चालवणाऱ्या तयार लायब्ररीत दिव्यांची यादी म्हणजे साधा अ‍ॅरे (मेमरीतल्या सलग जागांची रांग) असतो, त्याच्या बाहेर लिहिलं की दुसऱ्याच व्हेरिएबलची किंमत बदलते.

प्रश्न : एकेक दिवा व्यवस्थित लागतो. सगळे पांढरे केले की टोकाचे पिवळट-लाल दिसतात आणि बोर्ड रिसेट होतो.

उत्तर : करंट पुरत नाही. पूर्ण पांढऱ्यावर एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. ६४ दिव्यांचे झाले ३.८४ अँपिअर. यूएसबीवर चालणाऱ्या उनोच्या ५ व्होल्ट पिनमधून सुमारे अर्ध्या अँपिअरच्या पुढे मागणं चूकच. व्होल्टेज पडलं की निळा आणि हिरवा आधी मंदावतात, कारण त्यांना लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून पांढरा लालसर होतो.

५ व्होल्ट, ४ अँपिअर किंवा त्याहून मोठा सप्लाय थेट पॅनेलला द्या. त्याचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडलाच पाहिजे, नाहीतर डेटाला आधार राहत नाही आणि दिवे वाटेल तसे लुकलुकतात. पॅनेलच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवा, त्याची + आणि − टोकं उलटी लावू नका. डेटा लाइनमध्ये पॅनेलजवळ ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर घाला. आकृत्या दाखवण्यापुरतं काम असेल तर ब्राइटनेस २५५ पैकी ४० ठेवा. सगळे पांढरे असले तरी करंट साधारण ०.६ अँपिअरवर येतो आणि घरात तेवढा उजेड पुष्कळ होतो.

प्रश्न : लाल मागितला की हिरवा येतो.

उत्तर : हे दिवे हिरवा, लाल, निळा या क्रमाने डेटा घेतात. लायब्ररीत रंगांचा क्रम ‘जीआरबी’ करा.

प्रश्न : मॅक्स ७२१९ या चिपवर चालणाऱ्या एकरंगी ८ × ८ पॅनेलवर एक ठिपका लावला की त्याच ओळीतले आधीचे विझतात.

उत्तर : ही चिप एकेक दिवा घेत नाही, आठ दिव्यांची अख्खी ओळ एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांत, घेते. तुम्ही एकच बिट १ असलेला बाइट पाठवला, म्हणजे उरलेल्या सातांना शून्य पाठवलं. चिपमधून आधीची स्थिती वाचताही येत नाही. म्हणून प्रोग्राममध्ये आठ बाइटांची प्रत ठेवा. दिवा लावताना त्या ओळीच्या बाइटवर ‘ऑर’ या बिटांच्या क्रियेने फक्त तेवढं बिट चढवा. विझवताना त्या बिटाच्या जागी ०, बाकी सगळीकडे १ असा बाइट घेऊन ‘अँड’ करा. मग पूर्ण बाइट पाठवा. एक मर्यादा मात्र राहतेच : या चिपमध्ये उजेडाच्या १६ पायऱ्या आहेत, पण त्या पूर्ण पॅनेलला एकत्र लागू होतात. एक ठिपका मंद आणि शेजारचा प्रखर हवा असेल तर डब्ल्यूएस २८१२बी घेणंच सोपं पडतं.