कळांच्या वेळी कोण थांबणार?

वाचकांचे प्रश्न

डूलाबद्दल, म्हणजे गरोदरपण, प्रसूती आणि पहिले काही आठवडे बाईच्या सोबत राहणाऱ्या मदतनीस बाईबद्दल बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

डूला म्हणजे शिकलेली सुईणच ना? हॉस्पिटलात नर्स असतात, डॉक्टर असतात. मग पैसे मोजून आणखी एक बाई कशाला? (नाशिक)

सुईण बाळंतपण करते, डूला करत नाही. आतून तपासणं, बाळाचे ठोके ऐकणं, बीपी घेणं, इंजेक्शन देणं, यातलं काहीही तिचं काम नाही. एखादी डूला हे करू लागली तर तिला तिथेच थांबवा.

शब्द ग्रीक आहे, अर्थ सेवा करणारी बाई. १९७०च्या दशकात डॅना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो बाळंतिणीला आधार देणाऱ्या बाईसाठी वापरला. पुढे मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या दोन बालरोगतज्ज्ञांनी ग्वाटेमालातल्या रुग्णालयात अभ्यास केला. कळा देणाऱ्या बाईजवळ एक बाई सतत बसवायची, एवढंच त्यात होतं. ती बाई तिच्या ओळखीचीही नव्हती आणि तिचं वैद्यकीय शिक्षणही झालेलं नव्हतं. तरीही फरक दिसला. २०१७ साली १७ देशांतल्या २६ चाचण्या आणि १५ हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र तपासली गेली. सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये सिझरचं प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने कमी होतं, कळांचा काळ थोडा आखूड होता आणि वेदनाशामक औषधंही कमी लागली.

नर्स कितीही चांगली असली तरी तिच्याकडे एका वेळी तीन-चार बायका असतात, केसपेपर भरायचे असतात आणि ड्यूटी संपली की ती बदलते. डूलाकडे एकच बाई असते आणि पहिलं दूध पाजेपर्यंत ती हलत नाही. तिच्याजवळ दुसरं काही भांडवल नाही. म्हणूनच पैसे नसतील तर खंत करू नका. आई, जाऊ, मावशी किंवा नवरा यांना आधी शिकवलंत तर यातलं बरंचसं घरच्या घरी जमतं. शिकवायचं काय, ते पुढच्या एका उत्तरात आहे.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात लेबर रूममध्ये कोणाला घेत नाहीत असं ऐकलं. माझी जाऊ आत येऊ शकेल का? (जालना जिल्हा)

येऊ शकते. सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी, अशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१६ची सूचना आहे. सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठी डिसेंबर २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही ती अपेक्षा आहे. अटी साध्या आहेत. नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत. शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी. कर्मचाऱ्यांच्या कामात आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या बाबतीत तिने हात घालू नये. पडदे किंवा वेगळी खोली असेल तिथे नवराही आत जाऊ शकतो.

अडतं ते बहुधा दारावर, आणि तेही रात्री. म्हणून आठव्या महिन्यातल्या तपासणीला जावेला सोबत न्या, इनचार्ज सिस्टरला भेटवा आणि ‘हीच येणार’ असं तेव्हाच सांगून ठेवा. आयत्या वेळी चौघीजणी दारात उभ्या राहिल्या की चौघींनाही बाहेर काढतात, आणि त्यात सिस्टरची चूक नसते.

बायकोला सातवा सरून आठवा लागलाय. डूला परवडणारी नाही, मीच थांबणार आहे. ‘धीर द्या’ असं सगळे सांगतात. पण नेमकं करायचं काय? (इचलकरंजी)

तोंडापेक्षा हात जास्त कामाला येतील, म्हणून हातांपासून सुरुवात करू.

कंबर आणि माकडहाड यांच्या मध्ये, दोन खळग्यांच्या मधोमध, तळहाताएवढं सपाट हाड लागतं. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की कळ पोटापेक्षा इथेच जास्त दुखते. ती खुर्चीवर उलटी बसून पाठीवर रेलली असेल किंवा खाटेला धरून वाकली असेल, तेव्हा तळहाताची टाच त्या हाडावर ठेवा. कोपर सरळ ठेवा आणि दंडाच्या जोराने न दाबता अंगाचा भार टाका. कळ सुरू होताना दाब सुरू, कळ ओसरली की हात सैल. दुसरी रीत कुल्ह्यांची आहे. दोन्ही तळवे कुल्ह्यांच्या बाजूंना ठेवून आत आणि किंचित वर दाबायचं. दोन्ही रीती आत्तापासून घरी करून बघा. तिला किती जोर लागतो ते कळेल, आणि तो आपल्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघतो.

चुका ठरलेल्या असतात. मणक्यावर दाबणं ही एक. तेल न लावता घासत राहणं ही दुसरी, त्याने दोन तासांत कातडी सोलवटते. कळ चालू असताना ‘इथे का? आता बरं वाटतंय का?’ असं विचारणंही चूकच. प्रश्न दोन कळांच्या मध्ये विचारा, तेही ‘वर की खाली? जास्त की कमी?’ एवढेच. पोट वरून कधीही दाबू नका, कोणी सांगितलं तरी.

आता घड्याळाची कामं. दर कळेनंतर पाण्याचे दोन-तीन घोट. डॉक्टरांची हरकत नसेल तर नारळपाणी किंवा सरबतही चालेल. दर दोन तासांनी लघवीला उठवा, तिला लागली नसली तरी. भरलेलं मूत्राशय बाळाचं डोकं खाली यायच्या वाटेत अडतं. अर्ध्या तासाने स्थिती बदला: उभं राहणं, चालणं, भिंतीला टेकणं, गुडघे-हात टेकणं, कुशीवर निजणं. पाठीवर उताणी झोपू देऊ नका, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं.

बोलायचं ते हळू आणि थोडं. कळ आली की ‘खांदे खाली, जबडा सैल, श्वास सोड… सोड’. एवढं पुरतं. आत घेण्यापेक्षा सोडण्यावर भर द्या. भराभर श्वास घेत राहिली तर बोटांना मुंग्या येतात आणि गरगरतं.

एक टप्पा आधीच माहीत असू द्या. गर्भपिशवीचं तोंड आठ-नऊ सेंटिमीटर उघडलं की तिला मळमळतं, हुडहुडी भरते, ‘मला नाही जमणार, घरी चला’ असं ती म्हणते, तुमच्यावर खेकसतेही. सोबतचा माणूस घाबरतो तो इथे, आणि डॉक्टरांच्या मागे लागतो की सिझर करून टाका. खरं तर ही बहुधा शेवटाकडची खूण असते. चहाला जायचं असेल तर त्याआधी जाऊन या.

घरापासून रुग्णालय तासाभराच्या अंतरावर आहे, रस्ता घाटाचा. कधी निघायचं? दुसरी खेप आहे. (संगमेश्वर तालुका)

शहरातल्या पहिलटकरणीला सांगतात की कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक कळ मिनिटभर, आणि असं तासभर चाललं की निघा. अंतर मोजायचं ते एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत. तुमचं गणित वेगळं आहे. दुसरेपणी उघडायला वेळ कमी लागतो आणि वर घाट आहे. कळा नियमित झाल्या, चालून किंवा पडून राहूनही थांबत नाहीत असं दिसलं, की दहा मिनिटांचं अंतर असलं तरी निघा. खोट्या कळा असतील तर परत याल, फार तर एक फेरी पडेल. १०२ किंवा १०८ला फोन करा. सरकारी रुग्णालयात जाण्या-येण्याची गाडी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे, घरी सोडायलाही.

कळांची वाट न पाहता निघायच्या वेळा वेगळ्या: रक्त जाणं, बाळ नेहमीपेक्षा कमी हलणं, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, झटका, ताप, सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आत कळा. पाणी गेलं तर वेळ आणि रंग लक्षात ठेवा. स्वच्छ असलं तरी जायचंच, हिरवट असेल तर तातडीने.

माझं सिझर ठरलेलं आहे. म्हणजे डूलाचा उपयोग नाहीच ना? (ठाणे)

आहे, पण शस्त्रक्रियेनंतर. ऑपरेशन थिएटरात सहसा तिला घेत नाहीत, ते आधी विचारून ठेवा. बाळ पहिल्या तासात अंगावर लागावं हे सिझरनंतरही खरं आहे, आणि तेव्हा तुमचा एक हात सलाइनमध्ये अडकलेला असतो. बाळ धरायला, वळवायला कोणीतरी हवंच. कुशीवर निजून पाजा किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे जातील असं धरा, टाक्यांवर भार येत नाही. उठताना सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या जोरावर बसा. खोकला आला तर टाक्यांवर उशी दाबून धरा.

सुनेला तीन दिवस दूधच नव्हतं, बाळ रडरड रडलं. वरचं द्यायचं नाही, गुटी द्यायची नाही, शेगडीही नको असं ती पुण्याची डूला बाई सांगते. आम्ही चार मुलं अशीच वाढवली. (सोलापूर)

काकू, आधी दुधाचं. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, घट्ट आणि थोडा. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचा-दीड चमचा पुरतो. दूध पुरतंय की नाही ते रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा जास्त वेळा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं. लंगोट कमी पडत असतील किंवा बाळ मलूल होऊन पाजायलाही उठत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कारण नसताना वरचं दिलं की बाळ कमी ओढतं, आणि ओढलं कमी की दूध तयारही कमी होतं.

पाजताना तोंड कसं लागलंय ते बघा. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली. नुसती बोंडशी तोंडात असेल तर चिरा पडतात आणि दूधही येत नाही. अशा वेळी ओढून काढू नका. तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घाला, पकड सुटेल, मग पुन्हा लावा.

गुटी आणि मध नकोच. मधात असू शकणाऱ्या जंतूच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला लुळेपणा आणणारा गंभीर आजार होऊ शकतो. पाणीही सहा महिने नको. शेगडीबद्दल त्या बाईंचं बरोबर आहे. बंद खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, कळायच्या आत गुंगी येते. शेक द्यायचा असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या.

पण तुमचं सगळंच मोडीत काढायचं कारण नाही. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा खुशाल द्या, फक्त त्यांच्या जोडीला वरण, पालेभाजी आणि फळंही असू द्या. पाणी मात्र तोडू नका. तेल लावणारी बाई येत असेल तर बाळाचे हातपाय ताणू देऊ नका, नाकाकानात तेल घालू देऊ नका. लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस चालू ठेवायची. ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर आणि चहाबरोबर नको, मध्ये दोन तास जाऊ द्या. आणि सुनेला रोज सलग चार तास झोप मिळेल असं बघा. हे घरात तुमच्याइतकं कोणाला जमणार नाही.

बाळ वीस दिवसांचं आहे. बायको रोज रडते. डूलाने रात्री येऊन राहिलं तर फरक पडेल का? (छत्रपती संभाजीनगर)

झोप मिळेल, तेवढा फरक पडेल. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होणारं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं, आणि तुम्ही ती मुदत ओलांडली आहे. बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही, बाळाबद्दल काही वाटत नाही असं ती म्हणत असेल, तर डूलावर थांबू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. भास होणं, संशय घेणं, दोन-तीन रात्री अजिबात न झोपणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याची भाषा यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या, आणि तोवर तिला एकटं सोडू नका.

डूला निवडताना काय विचारावं? (पुणे)

आपल्याकडे डूलासाठी सरकारी नोंदणी किंवा परवाना नाही, प्रमाणपत्रं खासगी संस्थांची असतात. त्यामुळे प्रश्न कामाचे विचारा. त्या रात्री तुम्ही दुसऱ्या बाईकडे असाल तर माझ्याकडे कोण येईल? वीस तास लागले तर? सिझर झालं तर पैसे कसे? प्रसूतीनंतर किती भेटी? उत्तरं लिहून घ्या. ‘नॉर्मलची खात्री’ देणारी, औषधं किंवा तेलं विकणारी, ‘हे डॉक्टरांना सांगू नका’ म्हणणारी नको. हॉस्पिटल एकालाच आत घेत असेल तर नवरा की डूला हेही आधीच ठरवा.

ताईचं बाळंतपण आहे. मी एकवीस वर्षांची, लग्न झालेलं नाही. खासगी दवाखान्याने परवानगी दिलीय. पण रक्त बघून मला चक्कर येते. (अकोला)

ताईच्या डोक्याशी उभी रहा, पायाशी नको. तिथून तिचा चेहरा दिसतो आणि तुझं कामही तिथेच आहे. आत जाताना काहीतरी खाऊन जा, उपाशी आणि तासन् तास उभं राहिल्यानेही चक्कर येते. पायांत गोळे येऊ लागले तर अधूनमधून पाय हलव. डोळ्यांपुढे अंधारी आली तर कोणाला न विचारता तिथेच जमिनीवर बस. कोणी रागावणार नाही.