तारण: गहाणवटीतले आणि देवळातले

पुण्याच्या गुरुवार पेठेतील पंचहौदाच्या ख्रिस्ती देवळात प्रवचन ऐकून आलेल्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू, मग ख्रिस्ती मंडळी हा शब्द मोक्षासाठी का वापरतात, आणि ते तारण विश्वासाने मिळते की सत्कर्मांनी?

यातला ‘मोक्ष’ आधी बाजूला ठेवावा. दर नाताळात ‘येशूने मोक्ष दिला’ असे कोणीतरी लिहितेच आणि ते वाचून मला खरोखर त्रास होतो. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती शिकवणीत तो फेराच नाही, तिथे सुटायचे असते ते पापापासून. यावर केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या ‘मुक्ती’ मिशनकडे बोट दाखवून मोक्षही चालतो म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, मुक्ती ही कर्जापासून आणि रोगापासूनही मिळते. मोक्ष असा कशापासूनही मिळत नाही.

तारणाचे मूळ ‘तॄ’, म्हणजे पार जाणे, या धातूत आहे. मरणे-मारणे, पडणे-पाडणे तसेच तरणे-तारणे: तरतो तो स्वतः, तारतो तो दुसरा. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण याच प्रयोजकावर उभी आहे. याच धातूला ‘निस्’ लागून ‘निस्तरणे’ झाले, आणि ‘तुझे तू निस्तर’ असे आपण म्हणतो तेव्हा सारा भार करणाऱ्याच्या कर्मावर टाकतो. विश्वास की कर्मे या ज्या प्रश्नावर युरोपातील चर्च दुभंगले, त्याच्या दोन्ही बाजू मराठीने एका धातूच्या दोन क्रियापदांत सांभाळल्या आहेत, असे माझे ठाम मत आहे. गहाणाचे तारणही मला याच घरातले वाटते, कारण कर्ज बुडू लागले म्हणजे ती वस्तूच सावकाराला पैलतीरी नेते. कोशात हे दोन निराळे शब्द मानावेत, हे म्हणणे मला मुळीच पटत नाही.

आता विश्वास आणि कर्मे. ‘नियमशास्त्रातील’, म्हणजे मोशेच्या धर्मनियमांतील, ‘कर्मांवाचून’ मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो, असे प्रेषित पौल नव्या करारातील पत्रात रोमकरांस लिहितो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1522 च्या जर्मन नव्या करारात तिथे ‘केवळ’ हा शब्द पदरचा घातला आणि कर्मांचा आग्रह धरणाऱ्या याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हटले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने 1547 मध्ये ‘केवळ विश्वास’ नाकारला, मात्र देवाच्या कृपेवाचून आरंभच होत नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. ल्यूथरपंथीय आणि कॅथलिक मंडळींनी 1999 मध्ये आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून मान्य केले की, देव मनुष्याला स्वीकारतो ते कृपेने, मनुष्याच्या गुणांमुळे नव्हे, आणि सत्कर्मे त्यामागून येतात.

माझी तक्रार आहे ती मराठी भाषांतराविषयी. ग्रीकमध्ये पौल आणि याकोब दोघेही ‘एर्गा’ हाच शब्द वापरतात. आपल्या प्रचलित पवित्र शास्त्रात मात्र पौलाकडे ‘कर्मे’ आहेत आणि याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात ‘क्रिया’. दोघांचा विरोध वरवरचा आहे, असे मानून हा भेद केला असला, तरी त्याचा निकाल वाचकाने लावायचा असतो, भाषांतरकाराने नव्हे. दोन्ही ठिकाणी ‘कर्मे’ असती, तर हा वाद पुण्यातल्या मराठी वाचकालाही पानावरच दिसला असता.