घरात कपाटं कमी आहेत, पसारा कुठे ठेवू?

आधी पलंगाखाली वाका. तिथे वीतभर उंचीची जागा बहुतेक घरांत नुसती धूळ खात पडलेली असते. जुन्या टेबलाचा ड्रॉवर असेल तर त्याला खालून चार चाकं ठोका, जास्तीच्या चादरी आणि स्वेटर त्यात मावतात. वर जुनी चादर तरी झाका, नाहीतर महिन्याभरात सगळं परत धुवावं लागेल (मी धुतलंय).

रिकाम्या सुटकेस रिकाम्या ठेवू नका, बिनमोसमी कपडे त्यातच भरा.

दाराची मागची बाजू मात्र माझी सगळ्यात लाडकी. बूट ठेवायचं खिशांचं कापडी लटकन तिथे अडकवा आणि त्यात बूट सोडून सगळं ठेवा: चार्जर, कात्री, मोजे, सेलोटेप. जड वस्तू खालच्या खिशांत. लटकवण्याआधी दार पूर्ण उघडतं का तेवढं बघा. दाराच्या चौकटीवर एक लांब फळीही बसते, क्वचित लागणाऱ्या पुस्तकांना बरी.

नवे डबे मात्र आत्ताच आणू नका. आधी पसारा उपसा, निम्मा तर टाकायचाच निघतो. मग मापं घेऊन पारदर्शकच आणा. माझे निळे आहेत, दर वेळी चारही उघडावे लागतात.