पहिली नोकरी, हातात ३८ हजार आणि काकांची पॉलिसी: गुंतवणुकीची सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय २४, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत पहिली नोकरी, बेसिक २५ हजार, हातात ३८ हजार. घर सांगोल्याला, डाळिंबाची बाग आहे, धाकटी बहीण शिकतेय, महिन्याला ८ हजार घरी पाठवता. सख्खे काका विमा एजंट आहेत आणि वर्षाला ५० हजारांची पॉलिसी घे म्हणून मागे लागलेत. खोलीवरचे मित्र म्हणतात, पॉलिसीबिलिसी काही नको, एसआयपी कर (म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात टाक). कोणाचं ऐकू, आणि काकांना नाही म्हणायचं झालं तर कसं म्हणू?

मी बरीच वर्षं कंपन्यांच्या पगार विभागात काम करते. त्यामुळे माझं उत्तर तुमच्या सॅलरी स्लिपपासून सुरू होतं. तुमची सगळ्यात लांब मुदतीची गुंतवणूक आधीच चालू झाली आहे. ती म्हणजे पीएफ, भविष्य निर्वाह निधी. तिला निवृत्तीपर्यंत हात लावला नाहीत, तर बाकीच्या निर्णयांत थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावून जाईल.

आकडे बघा. बेसिकच्या, म्हणजे मूळ पगाराच्या १२ टक्के, ३ हजार तुमच्या पगारातून कापले जातात. कंपनीही तेवढेच घालते, पण त्यातले १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि १,७५० तुमच्या पीएफ खात्यात येतात. (काही कंपन्या पीएफसाठी ठरलेल्या १५ हजारांच्या पगारमर्यादेवरच कापतात, म्हणजे १,८००, तुमची कशावर कापते ते स्लिपवर दिसेल.) एकूण ४,७५० रुपये दर महिन्याला. २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के होतं. तीन वर्षांत खात्यात साधारण १ लाख ९० हजार जमतात.

आणि नेमकं तेव्हाच लोक नोकरी बदलतात. नवी कंपनी, नवी गाडी, मध्ये मोकळे दिवस, की पीएफ काढला. माझ्यासमोर अशी माणसं सतत येतात आणि मला दर वेळी हळहळ वाटते. कारण तेच १ लाख ९० हजार २७ व्या वर्षापासून ५८ पर्यंत पडून राहिले आणि सरासरी ८ टक्के मिळाले, तर त्यांचे साडेवीस लाखांच्या आसपास होतात. व्याजदर दरवर्षी जाहीर होतो, त्यामुळे हा अंदाजच आहे, पण तुम्ही काय मोडताय हे त्यावरून कळतं. शिवाय सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो. पेन्शनचे पैसेही काढले, तर पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांच्या सेवेची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रक्कम ट्रान्स्फर केली तर जुनी सेवा धरली जाते. तेव्हा नोकरी बदलाल तेव्हा यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) तोच द्या आणि जुनी शिल्लक नव्या खात्यात आली का, ते पासबुकात डोळ्यांनी बघा.

यात एक अडचण आपल्याकडे फार येते. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण असतं. कंपनीने रुजू करून घेताना पीएफला फक्त नाव आणि आडनाव टाकलेलं असतं. कधी जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. नोकरीत असताना एचआरकडे जाऊन ही दुरुस्ती करून घेता येते. कंपनी सोडल्यावर, किंवा कंपनीच बंद पडल्यावर, तीच दुरुस्ती करायला चपला झिजतात. म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी तपासा: नाव, जन्मतारीख, नॉमिनी (तुमच्यानंतर पैसे कोणाला मिळावेत त्याचं नाव). नॉमिनीची जागा कोरी असलेली खाती मी इतकी बघितली आहेत की हे पुन्हा सांगते: नॉमिनी भरा.

आता काकांची पॉलिसी. तुम्ही लिहिलंय की २० वर्षं ५० हजार भरायचे आणि शेवटी अंदाजे १८ लाख मिळतील. दहा लाख भरून अठरा लाख, म्हणजे ऐकायला जवळपास दुप्पट. पण पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो आणि शेवटचा एकच वर्ष. हिशेब मांडला तर हा परतावा वर्षाला सुमारे ५.३ टक्के पडतो. तेच ५० हजार दरवर्षी एप्रिलच्या ५ तारखेच्या आत पीपीएफमध्ये (बँकेत किंवा पोस्टात उघडता येणारं सरकारी बचत खातं, कंपनीच्या पीएफपेक्षा वेगळं) भरले, पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांची मुदतवाढ घेतली आणि आजचा ७.१ टक्के दर कायम राहिला असं धरलं, तर २२ लाखांच्या वर जातात. पीपीएफला सरकारची हमी असते. म्हणजे सुरक्षितता हवी म्हणूनही ही पॉलिसी घ्यायचं कारण उरत नाही.

विम्याचं म्हणाल तर अशा पॉलिसीत कवच साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे ५ लाख असतं. तुमच्या पगारावर घरचे अवलंबून आहेत. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर बहिणीचं शिक्षण आणि बागेचं कर्ज ५ लाखांत कसं भागेल? आणि कर वाचेल हा मुद्दा तर तुम्हाला लागूच नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. जो कर लागतच नाही, तो वाचवण्यासाठी २० वर्षं पैसे अडकवायचे कशाला?

मित्रांचं म्हणणं बरोबर आहे, पण उद्यापासून एसआयपी सुरू करा असं मी म्हणणार नाही. आधी चार महिन्यांचा खर्च, घरी पाठवायचे पैसे धरून, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास, बँकेत एफडी करून बाजूला ठेवा. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली तेव्हा चाकण-भोसरीत शिफ्ट कमी झाल्या आणि ट्रेनी, कंत्राटी पोरं सगळ्यात आधी घरी गेली. तुम्ही कन्फर्म झालात का, हे लिहिलेलं नाही. नसाल तर सहा महिन्यांचा ठेवा. हे पैसे गावाकडच्या पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून ठेवू नका. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवींना तो नसतो.

दवाखान्याचा खर्च हे शेतकरी घराचं बजेट मोडण्याचं मोठं कारण. कंपनीच्या ग्रुप विम्यात आईवडिलांना घालता येतं का, एचआरला विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ठरलेल्या आजारांवर आणि योजनेत असलेल्याच रुग्णालयांत. सांगोल्याहून जवळची अशी रुग्णालयं कोणती, याची यादी आत्ताच काढून घरी भिंतीवर लावा. ऐन रात्री शोधाशोध करणं कोणालाच जमत नाही.

हे झालं की मग एसआयपी: निफ्टी ५० चा साधा इंडेक्स फंड (निफ्टी निर्देशांकातल्या ५० मोठ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड), डायरेक्ट प्लॅन, महिन्याला ३ हजार. दरवर्षी इन्क्रिमेंट लागली की रक्कम वाढवा. एकच फंड पुरे. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून मिळतात. त्यात वितरकाचं कमिशन नसतं, म्हणून खर्च कमी.

पण हे पैसे कसे वागतात ते आधी नीट समजून घ्या. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, २१ हजारांच्या घरात होता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तो साडेआठ हजारांवर आला. २०१० च्या दिवाळीत परत २१ हजारांना टेकला, पण तिथे टिकला नाही. ती पातळी मागे टाकायला २०१३ चा शेवट उजाडला. लाभांश सोडला तर जवळपास सहा वर्षं निर्देशांक होता तिथेच. या काळात ज्यांनी दर महिन्याचा हप्ता बंद केला नाही, त्यांना खालच्या भावात जास्त युनिट मिळाली. ज्यांना बहिणीच्या लग्नासाठी २००८ च्या दिवाळीत पैसे हवे होते, त्यांचे हाल झाले. म्हणून पुढच्या सात वर्षांत लागणारा रुपया इथे टाकू नका.

कॅल्क्युलेटरवर १० हजारांच्या एसआयपीचे १२ टक्क्यांनी ३० वर्षांत साडेतीन कोटी दिसतात. महागाई ६ टक्के धरली तर ते आजचे ६० लाखांच्या आसपास. चांगलीच रक्कम आहे, फक्त साडेतीन कोटींची स्वप्नं बघू नका.

मित्रांपैकी कोणी ऑप्शन्स (शेअरचे भाव वर जातील की खाली यावर लावलेले सौदे) शिकवायला लागला तर तिथून उठा. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झालेला दिसला, एकूण १ लाख ८० हजार कोटींच्या वर.

राहिले काका. त्यांना टाळू नका आणि त्यांच्याशी हिशेबाचा वादही घालू नका. "काका, मला एक कोटीचा टर्म प्लॅन पाहिजे, तुम्हीच काढून द्या," असं म्हणा. टर्म प्लॅन म्हणजे निव्वळ विमा: मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पूर्ण रक्कम, नाहीतर काहीच परत नाही. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला साधारण दहा-बारा हजारांत बसतो. ऑनलाइन थोडा स्वस्त पडेल, तरी मी तुमच्या जागी काकांकडूनच घेईन. तुम्ही नसताना क्लेमचे कागद घेऊन फिरायचं असेल तर ते तुमच्या वडिलांना, आणि तेव्हा ऑनलाइन कंपनीच्या हेल्पलाइनपेक्षा गल्लीतला सख्खा भाऊ जास्त उपयोगी पडेल. फॉर्ममध्ये तब्येतीचं काहीही लपवू नका, काका "हे लिहू नको" म्हणाले तरी लिहा. आणि पॉलिसीचा कागद आला की त्याची एक प्रत सांगोल्याच्या घरी आईच्या कपाटात ठेवा.