एएफएल ड्राफ्ट: क्लबची निवड कशी जोखावी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधील एखाद्या क्लबने गेल्या दहा वर्षांत ड्राफ्टमधून (दरवर्षी क्लब ठरलेल्या क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेतून) घेतलेल्या तरुणांपैकी किती जणांनी 50 सामने खेळले हे मोजले, तर त्या क्लबची निवड चांगली की वाईट हे ठरवता येईल का? आकडे सहज मिळतात आणि अट सोपी आहे, म्हणून बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. माझे मत असे आहे की हा आकडा एकटा घेतला तर हमखास दिशाभूल करतो, कारण क्लबने त्या खेळाडूंसाठी किती मोलाचे निवड क्रमांक खर्च केले हे त्यात कुठेच येत नाही. एखाद्या क्रमांकावर सर्वसाधारणपणे काय हाती लागते हे आधी ठरवावे आणि त्या तुलनेत क्लबने किती अधिक किंवा किती कमी मिळवले ते पाहावे.

सामन्यांच्या आकड्यात आणखी एक खोट आहे. तळाच्या क्लबकडे जागा रिकाम्या असतात, त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला तिथे लवकर आणि सलग सामने मिळतात. त्याच ताकदीचा मुलगा विजेत्या क्लबमध्ये दोन-दोन वर्षे राखीव संघातच खेळत राहतो. म्हणजे 50 सामने हा पुष्कळदा मुलाच्या गुणवत्तेचा नव्हे, तर क्लबच्या गरजेचा आकडा असतो.

1986 पासून चालत आलेल्या या ड्राफ्टची मूळ रचनाच अशी आहे की जो संघ तळाला राहतो त्याला आधी निवड करता येते. साहजिकच वरच्या क्रमांकाकडून अपेक्षाही मोठी असते. लीगने 2015 मध्ये बोलीसाठी (एका क्लबचा आधी हक्क असलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने दावा केला, तर पहिल्याने मोजायची किंमत ठरवण्यासाठी) गुणांचा जो तक्ता लागू केला, त्यात पहिल्या क्रमांकाला 3000, दुसऱ्याला 2517, दहाव्याला 1395 आणि अठराव्याला 985 गुण होते. उतार सुरुवातीला तीव्र आहे आणि पुढे मंदावत जातो. पुढे त्या तक्त्यात बदल झाले, पण एका क्लबची दुसऱ्याशी तुलना करण्यासाठी असा कोणताही एक तक्ता घेऊन प्रत्येक वर्षी क्लबने एकूण किती गुणांचे क्रमांक खर्च केले हे लिहून काढले, तरी निम्मे काम झाले असे समजावे.

आता दोन प्रसिद्ध उदाहरणे या मापाने पाहू. हॉथॉर्नने 2004 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर जॅरिड रफहेड, पाचव्यावर लान्स फ्रँकलिन आणि सातव्यावर जॉर्डन लुईस घेतला. पुढच्या काळातील विजेतेपदांचा पाया या तिघांवर उभा राहिला, हे निर्विवाद आहे. पण पहिल्या सातांत तीन निवडी हाती असणे हीच मुळात प्रचंड संधी होती. याउलट जिलाँगने 1999 मध्ये आठव्या क्रमांकावर जोएल कोरी घेतल्यानंतर 31 व्या क्रमांकावर पॉल चॅपमन, 38 व्या क्रमांकावर कॅमेरॉन लिंग आणि 47 व्या क्रमांकावर कोरी एनराइट घेतला, आणि हे चौघेही 2007, 2009 व 2011 अशा तिन्ही विजेत्या संघांत खेळले. इतक्या खालच्या तीन क्रमांकांतून एवढे निघणे हे मला हॉथॉर्नच्या त्या वर्षापेक्षाही मोठे यश वाटते, आणि तरीही दोन्ही क्लबांना '50 सामने' या कसोटीवर जवळपास सारखेच गुण मिळतील.

दुसरी सवय म्हणजे मागे वळून 'अमुक खेळाडू यांच्या हातून सुटला' असे म्हणण्याची. 2004 मध्येच रिचमंडने पहिल्या क्रमांकावर ब्रेट डेलेडिओ घेतला आणि चौथ्यावर रिचर्ड टॅम्बलिंग. त्यानंतर लगेच फ्रँकलिन गेला. डेलेडिओ अडीचशेहून अधिक सामने खेळला आणि क्लबचा उत्कृष्ट खेळाडू ठरला. त्या निवडीला चूक म्हणणे अन्यायाचे आहे. चौथ्या क्रमांकाची निवड मात्र अपेक्षेपेक्षा कमी पडली, असे म्हणता येते. पण हजार गोलांचा टप्पा गाठणाऱ्या एका असामान्य खेळाडूशी तुलना करून नव्हे, तर चौथ्या क्रमांकावर एरवी जे मिळते त्याच्याशी तुलना करून ते म्हटले पाहिजे. असामान्य खेळाडू एकाच क्लबला मिळतो, बाकीच्या सगळ्यांच्या हातून तो सुटलेलाच असतो.

खरा गुंता पुढे आहे, आणि त्यासाठी मेलबर्न क्लबचा 2009 चा ड्राफ्ट बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी क्लबकडे पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक होते. पहिल्यावर टॉम स्कली, दुसऱ्यावर जॅक ट्रेन्गोव्ह, मग अकराव्यावर जॉर्डन गिसबर्ट्स, अठराव्यावर ल्यूक टॅपस्कॉट आणि 34 व्या क्रमांकावर मॅक्स गॉन. स्कली दोन हंगामांनंतर नव्याने आलेल्या ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे गेला आणि तिथे चांगला स्थिरावला. ट्रेन्गोव्हला वयाच्या विसाव्या वर्षी सहकर्णधार केले गेले, लीगच्या इतिहासातील सर्वांत तरुण कर्णधार म्हणून. संघ हरत होता, अनुभवी खेळाडू पुरेसे नव्हते, आणि पुढे पायाच्या दुखापतीने त्याची उमेदीची वर्षे गेली. या दोघांना निवडणाऱ्या माणसांनी मुले ओळखण्यात चूक केली का? मला तसे वाटत नाही. मुले चांगली होती. ज्या घडीला ती त्या क्लबमध्ये आली, ती घडी त्यांच्या वाढीला पोषक नव्हती.

म्हणून मी नेहमी आग्रहाने सांगतो की निवड आणि घडण यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. भरती विभाग मुलगा शोधतो. त्याला खेळाडू करणे हे प्रशिक्षक, वैद्यकीय पथक आणि आजूबाजूचे ज्येष्ठ खेळाडू यांचे काम असते. हे दोन हिशेब पूर्णपणे सुटे करता येत नाहीत, परंतु एक खूण उपयोगी पडते: क्लब सोडून गेलेली मुले दुसरीकडे काय करतात ते पाहावे. एका क्लबची अनेक मुले दुसरीकडे जाऊन बहरत असतील, तर दोष निवडीत नसून घडणीत आहे. सोडून गेलेले बहुतेक जण कुठेच टिकत नसतील, तर दोष निवडीत आहे.

त्याच ड्राफ्टमधला गॉन वेगळाच धडा देतो. तो अतिशय उंच रकमन, म्हणजे पंचाने वर उडवलेल्या चेंडूसाठी उडी घेणारा खेळाडू. त्यात गुडघ्याच्या दुखापती. 2013 च्या अखेरीस कोणी त्या ड्राफ्टचा निकाल लावला असता, तर गॉनच्या नावासमोर मोजकेच सामने दिसले असते. पुढे 2016 मध्ये तो ऑल-ऑस्ट्रेलियन संघात (हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात) आला आणि 2021 मध्ये मेलबर्नने विजेतेपद मिळवले तेव्हा कर्णधार तोच होता. उंच खेळाडू, विशेषतः रकमन, उशिरा पिकतात. त्यांना मिडफिल्डरच्या वेळापत्रकाने मोजणे म्हणजे त्यांच्यावर आणि त्यांना धीराने सांभाळणाऱ्या क्लबवर अन्याय आहे. मिडफिल्डरसाठी चार-पाच वर्षांत चित्र बरेचसे स्पष्ट होते, रकमनसाठी सात-आठ वर्षे तरी थांबावे.

पिता-पुत्र नियमाने (क्लबच्या जुन्या खेळाडूच्या मुलावर त्या क्लबचा आधी हक्क) आलेले खेळाडू मी शोधाच्या हिशेबातून सरळ बाजूला काढतो. गॅरी अॅब्लेट धाकटा 2001 मध्ये जिलाँगला 40 व्या क्रमांकावर मिळाला, कारण तेव्हाच्या नियमानुसार तिसऱ्या फेरीतला क्रमांक खर्च केला की जुन्या खेळाडूचा मुलगा क्लबचा होत असे. त्याला 40 व्या क्रमांकाचा चमत्कार म्हणून मिरवणे चुकीचे आहे. पुढे बोलीची पद्धत आली आणि किंमत बरीचशी वास्तवाजवळ गेली. 2021 मध्ये निक डेकॉसवर चौथ्या क्रमांकाची बोली आली आणि कॉलिंगवूडला ती जुळवावी लागली. सिडनीसारख्या क्लबांच्या अकादमीतून (क्लबने स्वतः चालवलेल्या युवा प्रशिक्षणातून) येणाऱ्यांनाही असाच वेगळा रकाना द्यावा, मात्र तिथे घडणीचे श्रेय क्लबला जरूर द्यावे.

अदलाबदलीचे व्यवहार हिशेबात धरायचे की नाही, हा मुद्दा बरेच जण टाळतात. मी ते धरतो, कारण निवड क्रमांक ही क्लबची मालमत्ता आहे आणि तिचे काय केले हाही निवडीचाच भाग आहे. 2001 मध्ये हॉथॉर्नने ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन हे दोघे फ्रीमँटलला देऊन 1, 20 आणि 36 हे क्रमांक घेतले. पहिल्यावर ल्यूक हॉज आला, 36 व्या क्रमांकावर सॅम मिचेल. दोघेही पुढे विजेत्या संघांचे कर्णधार झाले. विसाव्या क्रमांकाच्या निवडीतून फारसे काही निघाले नाही, पण तिन्ही क्रमांक एकत्र धरूनच तो सौदा मोजायला हवा. उलट बाजूने, 2013 मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला टॉम बॉइड एका हंगामानंतर ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडून वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेला. त्याची कारकीर्द छोटी ठरली, तरी 2016 च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या सामन्यात, त्याने तीन गोल केले आणि बुलडॉग्जचा विजेतेपदाचा बासष्ट वर्षांचा दुष्काळ संपला. त्याचे एकूण सामने मोजून त्या खेळाडूचे मोल कसे काय ठरणार?

दैवाचा भाग उरतोच. 2014 मध्ये सेंट किल्डाने पहिल्या क्रमांकावर पॅडी मॅकार्टिन घेतला आणि वारंवार झालेल्या डोक्याच्या दुखापतींनी त्याची कारकीर्द खुंटली. त्याच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर मेलबर्नने क्रिस्तियन पेट्राका घेतला. एवढ्या एका घटनेवरून दोन भरती विभागांची प्रतवारी लावू नये. एखाद-दुसऱ्या वर्षात दैवच अधिक बोलते. सलग आठ-दहा ड्राफ्ट एकत्र धरले म्हणजे माणसांचे काम दिसू लागते, आणि दरम्यान भरती प्रमुख बदलला असेल तर त्या वर्षापाशी रेघ ओढून दोन भाग वेगळे मोजावेत.

आपण तक्ता करायला घेतलाच, तर प्रत्येक खेळाडूसमोर क्रमांक, त्या क्रमांकाचे गुण, आलेला मार्ग, खेळण्याची जागा, क्लबसाठी खेळलेले सामने आणि गेला असल्यास त्याच्या बदल्यात काय मिळाले, एवढे रकाने ठेवावेत. रुकी ड्राफ्ट (मुख्य ड्राफ्टमध्ये न निवडलेल्यांसाठीची नंतरची दुय्यम निवड) वगळू नये. वेस्ट कोस्टचा मॅट प्रिडिस तिथूनच आला आणि 2014 मध्ये ब्राउनलो पदक, म्हणजे लीगमधील हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन गेला. 2020 च्या हंगामाची मात्र वेगळी नोंद करावी. त्या वर्षी प्रत्येक संघाला 22 ऐवजी 17 साखळी सामने मिळाले, म्हणून त्या काळात नवीन असलेल्या मुलांचे आकडे मुळातच कमी दिसतात. शिवाय व्हिक्टोरियातील अठरा वर्षांखालील स्पर्धा रद्द झाल्यामुळे तिथल्या मुलांना क्लबांनी बव्हंशी आदल्या वर्षीच्या खेळावरून निवडले. तेव्हा 2020 च्या ड्राफ्टची तुलना इतर वर्षांशी न करता त्याच वर्षीच्या इतर क्लबांशीच करावी.