कोलवाळच्या तुरुंगातल्या भाच्याला वर्तमानपत्र मिळेल का?

प्रश्न : माझा भाचा गेल्या पावसाळ्यापासून गोव्यातल्या कोलवाळच्या मध्यवर्ती तुरुंगात कच्चा कैदी म्हणून आहे. भेटायला गेले की तो खटल्याचे कमी आणि गावचेच जास्त विचारतो, बाहेरचे काही कळत नाही म्हणून कासावीस होतो. त्याला मराठी वर्तमानपत्र पाठवता येईल का? पत्रात काय लिहावे, तेही सुचत नाही.
— एक मावशी, डिचोली

उत्तर : मावशी, ज्याच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे, त्याला कायदा शिक्षा झालेल्या कैद्याहून वेगळे वागवतो. 1894 च्या कारागृह कायद्याचे 31 वे कलम कच्च्या कैद्याला अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि इतर गरजेच्या वस्तू, तपासणीच्या व नियमांच्या अधीन राहून, बाहेरून मागवण्याची मुभा देते. वर्तमानपत्रासाठी भाच्याने स्वतः अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा आणि अर्जाची पोच मागून घ्यावी. कोणते वर्तमानपत्र चालेल आणि ते कोणत्या मार्गाने द्यायचे, हे आधी विचारून मगच पैसे भरा.

वाचणे-लिहिणे ही तुरुंगाने केलेली मेहेरबानी आहे, असे मुळीच समजू नका. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असताना त्यांनी अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिले आणि त्याचे हस्तलिखित बाहेर पाठवू देण्यास महाराष्ट्र सरकारने नकार दिला. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आणि पुढे 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्याच बाजूने निकाल दिला, कारण नियमांत नसलेले बंधन त्यांच्यावर लादता येत नव्हते. ते कच्चे कैदी नव्हते, पण नकार कोणत्या नियमाखाली दिला हे विचारण्याचे बळ या निकालातून आपल्यालाही मिळते.

पत्राबाबत एक पथ्य कटाक्षाने पाळा. तुरुंगात येणारी पत्रे तपासली जातात, म्हणून साक्षीदार, पुरावे यांविषयी पत्रात चकार शब्द लिहू नका. ते वकिलांशी प्रत्यक्ष बोलावे. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असले तरी, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मिळू शकतो.

आता मजकुराविषयी. ‘सगळे ठीक आहे, काळजी करू नकोस’ एवढ्यावर पत्र संपवू नका, कारण आत बसलेल्या माणसाला त्यातून काहीच दिसत नाही. चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या मंडपीला, काय काय बांधले, सुपारीचा घड कुणाच्या कुळागरातून आला, आरतीला कोण कोण जमले, शिरगावच्या जत्रेला घरातले कोण गेले, पावसाने कुणाची भिंत पडली, हे सगळे नावानिशी लिहा. घरातले आजारपण लपवू नका. दुसऱ्या कैद्याच्या तोंडून ते कळले तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडेल. आणि प्रत्येक पत्रात त्याला घरातलेच काहीतरी विचारा, म्हणजे यंदा परसात काय लावावे, गुरे ठेवावीत की विकावीत. त्याचे मत खरोखर हवे असेल असेच विचारा आणि त्याने काय सांगितले ते घरी सर्वांना वाचून दाखवा.